शाळेच्या वाटेवरचा वस्ताद

चैत्र-वैशाखात आपल्या खानदेशात गावोगाव यात्रा भरतात. दुपार कलली की कुस्त्यांचा फड रंगू लागतो. नारळाच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि दिवस मावळताना मोठ्या जोडी लागतात. सगळ्यांचे डोळे पैलवानांकडे असतात. पण कडेला पटका बांधून एक म्हातारा उकिडवा बसलेला असतो, तो मात्र पोरांच्या पायांकडे पाहत असतो. तो वस्ताद. ‘उस्ताद’चे आपण ‘वस्ताद’ केले आणि बोलीत त्याला लबाडीचाही वास लावला. तालमीत मात्र तो शब्द फार वजनाचा आहे. तालमीचा जुना दंडकच असा की, गावात मारामारी करून आलेल्या पोराला वस्ताद मातीत पाय ठेवू देत नाही. चार दिवस जोर-बैठका काढून एस.टी. स्टँडवर दंड फुगवून फिरणाऱ्या आपल्या काही मित्रांनी हा दंडक कधी ऐकलेला दिसत नाही.

महाराष्ट्रात ज्याच्या नावालाच ‘वस्ताद’ हा शब्द कायमचा चिकटला, असा पुरुष एकच. तो म्हणजे लहुजी राघोजी साळवे.

पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी १४ नोव्हेंबर १७९४ रोजी मातंग समाजातील साळवे घराण्यात लहुजींचा जन्म झाला. वडील राघोजी, आई विठाबाई. पुरंदरच्या रखवालीशी या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता व त्यामुळेच ‘राऊत’ हा किताब घराण्याकडे आला, असे परंपरा सांगते. राघोजी अंगाने धिप्पाड, पेशव्यांच्या शिकारखान्यात कामाला. पट्टा, तलवार, भाला, लाठी ही विद्या मुलाला बापाकडूनच मिळाली. लहुजींना वेगळा गुरू शोधावा लागला नाही.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली. त्या लढाईत राघोजी कामी आले. लहुजीही तेथे लढत होते आणि तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष पुरे व्हायला काही दिवस बाकी होते. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, आपल्याकडे तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापुढे हिस्लॉपची फौज उभी राहिली. किल्ला पडला आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी देण्यात आले. पुणे काय आणि खानदेश काय, एका हिवाळ्यात राज्य गेले आणि हाती शस्त्र धरून पोट भरणारी हजारो माणसे रिकामी झाली. कोणी शेतावर राबू लागले, कोणी रानात शिरले, कोणी नव्या सरकारच्या पलटणीत गेले.

लहुजींनी वाकडेवाडीला वडिलांची समाधी बांधली आणि इंग्रजांशी लढण्यासाठी जगायचे, प्रसंगी मरायचे, असा निश्चय केला. जन्मभर लग्न केले नाही. बाप डोळ्यांदेखत पडला होता, मनगटात बळ होते, हाती विद्या होती. असा तरुण एकटाच कोणाच्या तरी अंगावर धावून गेला असता तर त्याला दोष देता आला नसता. त्याचे नावही मग कोणाला कळले नसते. लहुजी पाच वर्षे थांबले आणि १८२२ च्या सुमारास त्यांनी पुण्यात तालीम काढली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड डाव हाच होता. सूडाचा राग गिळून त्यांनी त्याचे शिक्षण केले.

तालमीत कुस्ती होती, लाठी होती, निशाणबाजी होती. पण वस्तादांचे नाव विशेष झाले ते दांडपट्ट्यामुळे. हे हत्यार मोठे चमत्कारिक असते. त्याच्या मुठीला कोपरापर्यंत लोखंडी आवरण असते आणि त्यात हात अडकला की मनगट वळत नाही. सारी फिरकी कोपर, खांदा आणि पावले यांतून काढावी लागते. पाते लांब, लवचीक, दोन्ही बाजूंनी धारेचे. रागाने कसेही फिरवले तर पहिला घाव स्वतःलाच बसावयाचा! चांगला पटाईत एकाच माणसाच्या मागे धावत नाही. तो आपल्याभोवती पात्याचे कडे उभे करतो आणि चार दिशांनी आलेल्या चौघांना त्या कड्याबाहेर थोपवून धरतो. ‘पटाईत’ हा शब्द आपण आज कोणत्याही हुशार माणसाला लावतो. तो मूळचा पट्टा फिरवणाऱ्याचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या पुण्यात मांगाची सावलीही विटाळ मानली जात होती, त्याच पुण्यात ब्राह्मण आणि इतर वरच्या मानलेल्या जातींची मुले मांग वस्तादाच्या तालमीत उतरत होती. कुस्तीत अंगाला अंग लागल्याशिवाय डाव बसत नाही. सोवळे सांभाळून पट काढता येत नाही. समतेवर व्याख्यान न देता वस्तादांनी लाल मातीत तिचा रोजचा सराव घडवून आणला.

या तालमीत गंज पेठेतील एक माळ्याचा मुलगा येऊ लागला. तो म्हणजे जोतीराव फुले. इंग्रजांचे राज्य उलथून टाकावे, या तरुणपणीच्या ऊर्मीने आपण लहुजींकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकलो, हे जोतीरावांनी १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त वस्तादांचे नाव घेऊन नोंदवून ठेवले आहे. पुढे त्यांचा विचार बदलला. इंग्रजांच्या आधी अज्ञानाशी आणि जातीच्या जुलमाशी लढले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. येथे गुरु-शिष्यांचा बेबनाव व्हायला पुरेसे कारण होते. ज्या हेतूने विद्या दिली तो हेतूच शिष्याने बाजूला ठेवला, म्हणजे दुसरा गुरू रुसून बसला असता. लहुजींनी तसे काही केले नाही. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली व पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या, तेव्हा वस्ताद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लहुजी आणि राणबा महार यांनी आपापल्या वस्तीत घरोघर जाऊन आईबापांना समजावले आणि मुले शाळेत आणली. पन्नाशी ओलांडलेला, पट्ट्याने भलेभले थोपवणारा हा माणूस दारोदार जाऊन पोर शाळेत पाठवा म्हणून विनवीत होता, हे चित्र मला त्यांच्या सर्व पराक्रमांपेक्षा मोठे वाटते.

शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडे, ही हकीकत आपण सर्वांनी वाचली आहे. त्या जादा लुगडे जवळ बाळगीत आणि शाळेत पोचल्यावर बदलीत. त्या काळात वस्तादांच्या तालमीतली पोरे फुले दांपत्याच्या आणि शाळांच्या राखणीला असत, असे सांगतात. आता विचार करा. अंगाने कमावलेली, लाठी चालवणारी पोरे. समोर शेण फेकणारे टवाळ. दोन रट्टे घातले असते तर त्या दिवशी रस्ता मोकळा झाला असता; पण दुसऱ्या दिवशी एकाही आईने मुलगी शाळेत धाडली नसती आणि शाळा म्हणजे दंग्याचे ठिकाण, असे म्हणायला विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले असते. राखण करणाऱ्याला नुसते उभे राहता आले पाहिजे. मारण्यापेक्षा ते कठीण असते आणि ज्याला मारता येत नाही त्याला ते साधतही नाही; त्याचे उभे राहणे कोणी जुमानत नाही.

याच शिकवणीचा धागा मला १८५६ च्या प्रसंगात दिसतो. पैशांच्या लोभाने रोडे आणि धोंडीराम नामदेव कुंभार हे दोघे रात्री जोतीरावांच्या घरात त्यांना मारण्यासाठी शिरले. जोतीराव जागे झाले. हा काही मार खाणारा पंतोजी नव्हता. लहुजींच्या तालमीत घुमलेला गडी होता. तरीही त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी मारेकऱ्यांची चौकशी केली आणि माझ्या मरणाने तुमच्या पोराबाळांचे भले होत असेल तर खुशाल मारा, अशा अर्थाचे बोलले. दोघांचे हात गळले. रोडे पुढे जोतीरावांचा पाठराखा झाला आणि धोंडीराम शिकून पंडित झाला. हे धैर्य जोतीरावांचे स्वतःचे होते, यात शंका नाही. पण अंधारात हत्यार पाहूनही ज्याचा श्वास फुलत नाही, त्याने तो श्वास कोठे तरी कमावलेला असतो.

साळवे घराण्यातलीच मुक्ता ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली. चौदाएक वर्षांच्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. पट्ट्याच्या घराण्यात लेखणी आली ती अशी.

सगळेच शिष्य या वाटेने गेले असे मात्र नाही. वासुदेव बळवंत फडके यांनीही लहुजींकडेच शस्त्रविद्या घेतली. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी रामोशी साथीदारांसह बंड उभारले, जुलैत ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी एडनला झाली. एका वस्तादाचे दोन शिष्य, एकाने शाळा काढली आणि दुसऱ्याने बंड केले. यांपैकी खरा शिष्य कोण, असा वाद आपल्या वक्तृत्वस्पर्धांतून रंगतो. मला तो वाद पोकळ वाटतो. वस्तादाने डाव शिकवायचा असतो. तो कोठे टाकायचा हे फडात उतरणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. फडक्यांचे बंड झाले तेव्हा लहुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी पुण्यात संगमवाडी येथे एका झोपडीत त्यांचे निधन झाले. बरोबर दोन वर्षांनी, १८८३ च्या १७ फेब्रुवारीलाच, फडके एडनच्या तुरुंगात वारले. लहुजींची समाधी संगमवाडीतच आहे आणि गंज पेठेत, फुल्यांच्या वाड्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, त्यांच्या नावाची तालीम आहे.