उचलले, पण वळेना

इगोर सिकॉर्स्की यांचा जन्म १८८९ साली कीव्हचा. विशीतच त्यांनी दोन हेलिकॉप्टर बांधली; माणसाला घेऊन एकही उडाले नाही. मग विमानांत नाव कमावले आणि रशियन क्रांतीनंतर, १९१९ मध्ये, ते अमेरिकेत गेले.

१४ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे व्हीएस-३०० जमिनीवरून उचलले. चालक ते स्वतः. खरी अडचण पुढेच होती, वळवण्याची.

हेलिकॉप्टरच्या पात्यांखाली, दांड्याभोवती एक तबकडी असते. ती वर सरकली की सगळ्या पात्यांचा कोन सारखाच वाढतो आणि यंत्र वर चढते. ती कलली की प्रत्येक पाते फेरीत एका बाजूला कोन वाढवते, समोरच्या बाजूला कमी करते. उचल असमान होऊन यंत्र झुकते व त्या दिशेला सरकते. फिरत्या पात्याचा कोन असा बदलणे सिकॉर्स्कींना आधी नीट साधेना. ती सोय काढून त्यांनी शेपटीला जादा पंखे बसवले. १९४१ अखेरीस ती परत आणली, तेव्हा कुठे यंत्र हाताशी आले.

३ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्कजवळ युद्धनौकेवर स्फोट झाला. खराब हवेने विमाने अडकली. प्लाझ्मा जखमींपर्यंत पोचवला तो सिकॉर्स्कींच्या हेलिकॉप्टरने. १९७२ मध्ये ते वारले, तोवर जखमींना असे हलवणे सवयीचे झाले होते.