रेव्हरंड गॉर्डन हॉल

सन १८०८ मध्ये गॉर्डन हॉल साहेब अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजातून पदवी घेऊन निघाले. परदेशी जाऊन सुवार्ता सांगावी ही त्यांची मनीषा. परंतु तसे सेवक पाठविणारी संस्थाच तेथे नव्हती. ती १८१० साली निघाली. एका मंडळीने देऊ केलेले पाळकपदही त्यांनी नाकारिले. १८१३ साली ते मुंबईस उतरतात, तोच परत जाण्याचा सरकारी हुकूम झाला! राहणे की जाणे हे देवावर सोपवून ते मराठी शिकू लागले. पुढे परवानगी मिळाली. १८२६ साली नाशिककडील प्रवासात पटकीने ते प्रभूजवळ गेले. त्याच वर्षी, ज्यासाठी ते झटले तो मराठी नवा करार छापून निघाला.

शिक्षण संपवून पुढील वाटेविषयी चिंतातुर असलेल्या तरुणांस आम्ही इतकेच विनवितो, की हुकूम फिरण्याची वाट पाहत हॉल साहेब रिकामे बसले नाहीत, हे ध्यानी धरावे.