पट्टा, पुली आणि ऑयलर

टीओएमच्या ओरलला एक प्रश्न हमखास येतो. पट्ट्याच्या ताणलेल्या बाजूचा ताण आणि सैल बाजूचा ताण, यांचं गुणोत्तर किती? आपण सगळे पाठ केलेलं ठोकून देतो : ई चा म्यू थीटा घात. व्ही-बेल्ट असेल तर पुढे कोसेक बीटा. हा ई मध्येच कुठून उपटला, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तर विकेट पडलीच म्हणून समजा.

माझी ती विकेट ओरलला नाही, एका यार्डात पडली. सुट्टीत एका कंत्राटदाराकडे ट्रेनिंगला होतो. तिथे एक स्किड स्टिअर लोडर होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : छोटंसं चारचाकी यंत्र, पुढे बकेट, आणि वळणारी चाकं नाहीतच. एका बाजूची चाकं जोरात आणि दुसऱ्या बाजूची हळू किंवा उलटी फिरवली की पठ्ठा जागच्या जागी गर्रकन वळतो. त्या मॉडेलमध्ये इंजिनाची ताकद एका पट्ट्याने हायड्रॉलिक पंपांना मिळत होती आणि पंपांच्या तेलावर चाकांच्या मोटारी फिरत होत्या. म्हणजे सगळा जीव त्या एका पट्ट्यात. तो घसरायला लागला की इंजिन बोंबलतं, पण बकेट ढिगात घुसत नाही, आणि जळक्या रबराचा वास सुटतो.

पट्टा बदलायचं काम मिस्त्रींनी माझ्याकडे दिलं. बकेट जमिनीवर, इंजिन गार, किल्ली काढलेली, बॅटरीची वायर सोडलेली, केबिन उचलून तिचा अडसर लावलेला. मग पट्ट्यावरचं झाकण काढलं, टेन्शनर सैल केला, जुना पट्टा काढला, नवा चढवला. स्क्रू-ड्रायव्हर घालून पट्टा पुलीवर ओढायला गेलो तेव्हा तेवढ्या शिव्या खाल्ल्या, बाकी सगळं झकास. चौथ्या दिवशी पुन्हा तोच वास! नवाकोरा पट्टा घसरत होता. मिस्त्रींनी पुलीच्या खाचेत बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोट तेलकट. पंपाच्या शाफ्टचं सील पाझरत होतं आणि मी ते पाहिलंच नव्हतं. पट्टा फुकट गेला. त्या रात्री वही उघडून ई चा म्यू थीटा घात पहिल्यांदा नीट वाचला, आणि हे समीकरण ज्याचं, त्या लिओनार्ड ऑयलरच्या मागे लागलो.

ऑयलर स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा. जन्म 15 एप्रिल 1707. वडील पाद्री. पोरानेही पाद्री व्हावं ही घरची इच्छा (आपल्याकडे जसं डॉक्टर नाहीतर इंजिनीअर, तसं). तेराव्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला. तिथे योहान बर्नुली हा त्या काळचा बडा गणिती होता. त्याने शिकवणी द्यायला नकार दिला, पण कठीण पुस्तकं स्वतः वाच आणि अडलं की शनिवारी दुपारी ये, एवढी सवलत दिली. ऑयलरचा प्रयत्न असा, की शनिवारी कमीत कमी शंका घेऊन जायचं. शेवटी बर्नुलीनेच वडिलांची समजूत घातली आणि पोरगा गणिताला लागला.

1727 साली पॅरिसच्या अकादमीने स्पर्धा ठेवली : जहाजावर डोलकाठ्या कुठे उभाराव्यात? बासेलला समुद्र नाही. विशीतल्या या मुलाने समुद्रातलं जहाजही पाहिलेलं नव्हतं, तरी निबंध पाठवला आणि गौरवपात्र ठरला. पहिला नंबर बुगेरचा आला. पुढे हेच बक्षीस ऑयलरने बारा वेळा मिळवलं. त्याच वर्षी बासेलमध्ये प्राध्यापकाची जागा निघाली, ती मात्र मिळाली नाही. गावात नोकरी नाही म्हटल्यावर त्याने थेट रशिया गाठला. सेंट पीटर्सबर्गला नवी अकादमी निघाली होती. तिथे आधी काही काळ आरमारात वैद्यकीय हुद्द्यावर काढला, 1730 मध्ये भौतिकीचा आणि 1733 मध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. पुढच्या वर्षी कॅथरिना ग्झेलशी लग्न केलं. त्यांना तेरा मुलं झाली, त्यांतली पाचच बालपण ओलांडून जगली.

1735 मध्ये तो तापाने मरता मरता वाचला. 1738 च्या सुमारास उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तो स्वतः नकाशांच्या बारीक कामाला दोष देई. त्या तापाचा परिणाम असावा असंही मानतात. एक डोळा गेला तर लक्ष कमी विचलित होईल, असं तो हसून म्हणे म्हणतात. याच काळात, 1736 साली, त्याचं मेकॅनिक्सवरचं पुस्तक आलं. त्यात आपला तो ई छापलेला आहे. या संख्येला हे अक्षर त्यानेच दिलं.

1741 मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून तो बर्लिनला गेला आणि पंचवीस वर्षं राहिला. आपल्या सिलॅबसचा अर्धा भाग इथलाच म्हणा ना. लांब कॉलम वाकतो कधी, हे 1744 चं. द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं 1750 च्या दशकातली. गिअरच्या दात्यांना इन्व्हॉल्यूट आकार द्यावा ही सूचनाही त्याचीच. घर्षणावर त्याने 1748 च्या सुमारास लिहिलं. उतारावर ठेवलेली वस्तू एकदा सुटली की वेगाने का घसरते, हे पाहून चालू झाल्यावरचं घर्षण सुरुवातीच्या घर्षणापेक्षा कमी असतं हे त्याने ओळखलं. खांबाला गुंडाळलेल्या दोराचा विचार असलेला लेख 1769 साली छापला गेला. पुढे आयटेलवाइनने हे गणित इंजिनीअरांपर्यंत नेलं, म्हणून पुस्तकांत दोघांची नावं जोडून येतात.

गंमत कशात आहे पाहा. पुलीवरच्या पट्ट्याचा अगदी बारीक तुकडा घ्या. तो पुलीवर किती दाबला जाईल हे त्याच्यातल्या ताणावर ठरतं, आणि दाबावर घर्षण ठरतं. म्हणजे दर तुकड्याला ताण जितका आहे त्याच्या प्रमाणात वाढतो. चक्रवाढ व्याजच हे! म्हणून ई. आता माझ्या पापाचा हिशोब करा. म्यू 0.3 आणि पुलीला अर्धा वेढा, तर सपाट पट्ट्याचं गुणोत्तर सुमारे 2.6 येतं. तेच 36 अंशांच्या खाचेतल्या व्ही-बेल्टला 21. तेलाने म्यू निम्मा झाला, की 21 चं 10 होत नाही, थेट 4.6 होतं. मी टेन्शनर आणखी आवळत बसलो असतो तर बेअरिंगं गेली असती, घसरणं थांबलं नसतं. सील बदललं, पुल्या पुसून कोरड्या केल्या, दुसरा पट्टा चढवला. काही तास चालल्यावर ताण परत तपासला. तो चालला.

अशा माणसाला बर्लिनमध्ये मान मिळाला असेल असं वाटतं ना? राजाला दरबारात चुरचुरीत बोलणारे लागत. हा साधा, देवभोळा, घरात पोरं अंगाखांद्यावर खेळवत गणित लिहिणारा. राजा त्याच्या एका डोळ्यावरूनही टिंगल करी. सांसूसी राजवाड्याच्या बागेत उंच कारंजं उडवायचं होतं. ऑयलरने 1749 मध्ये नळांतल्या दाबाचा हिशोब केला आणि लाकडी नळ टिकणार नाहीत असा इशारा दिला. राजाने खर्चात काटकसर केली, नळ फुटले, त्याच्या हयातीत कारंजं धड उडालं नाही. आणि खापर? 1778 मध्ये व्हॉल्टेअरला लिहिलेल्या पत्रात राजाने ते गणितावर फोडलं. माझ्या मते यार्डातल्या कुठल्याही मिस्त्रीला यात नवल वाटणार नाही.

1766 मध्ये तो रशियाला परतला आणि तिथे दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. 1771 मध्ये शहरात मोठी आग लागली, त्याचं घर जळालं. पेटर ग्रिम नावाच्या बासेलच्याच माणसाने त्याला उचलून बाहेर आणलं. हस्तलिखितं बहुतेक वाचली. त्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसलं, मग जंतुसंसर्गाने ते दिसणंही गेलं. दोन वर्षांनी बायको गेली.

इथे कुणीही थांबलं असतं. तो मोठ्या पाटीवर खडूने ठळक आकडे काढी, बाकी सगळं डोक्यात करी, आणि मुलगा व सहकारी लिहून घेत. बीजगणिताचं पुस्तक त्याने बर्लिनहून आणलेल्या एका शिंप्याच्या हाताखालच्या पोराला सांगून लिहवलं, आणि लिहिता लिहिता तो पोरगाही बीजगणित शिकला. चंद्राच्या गतीचा जाडजूड ग्रंथ 1772 मध्ये आला, सगळी आकडेमोड न बघता केलेली. 1775 मध्ये तर आठवड्याला सरासरी एक लेख असा वेग होता. सबमिशनला एक फाइल वेळेवर देताना आपली काय अवस्था होते!

18 सप्टेंबर 1783. सकाळी नातवंडाला गणित शिकवलं, पाटीवर बलूनच्या उड्डाणाचा हिशोब केला, जेवताना सहकाऱ्याशी नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेबद्दल बोलला. संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही तासांत तो गेला. कपाटात लेखांचा इतका ढीग होता, की पीटर्सबर्गची अकादमी पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तो छापत होती.