ज्युलियस लिलियनफेल्ड : मॉसफेटच्या गेटची कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की गिरगाव, परळ, दादरची मुलं सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोड गाठतात. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनी तिथून आयआरएफ 540 हा मॉसफेट आणला. त्याच्या गेटला आर्डुइनोचे 5 व्होल्ट जोडले. मोटर फिरली, पण थोड्याच वेळात मॉसफेट इतका तापला की हात लावता येईना. मुलांना वाटलं, माल खराब आहे. माल चांगला होता, चूक आमची होती. ती समजण्यासाठी आज लिलियनफेल्ड यांची ओळख करून घेऊ.

जन्म व शिक्षण

त्यांचा जन्म 18 एप्रिल 1882 रोजी लेम्बर्ग येथे झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये असून त्याला ल्विव्ह म्हणतात. 1905 मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते पुढे लाइपझिगला प्राध्यापक झाले.

संशोधन

1925 मध्ये त्यांनी कॅनडात आणि 1926 मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. विजेचा प्रवाह कमी-जास्त करायला नुसतं विद्युतक्षेत्र पुरेल, ही त्यांची कल्पना. अमेरिकन पेटंट 1930 मध्ये मिळालं. 1928 च्या आणखी एका अर्जात त्यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पातळ थराने वेगळं ठेवलेलं गेट सुचवलं. पण पुरेसे शुद्ध अर्धवाहक तेव्हा नव्हते. कल्पना कागदावरच राहिली.

अमेरिकेत त्यांनी इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर मोठं काम केलं. गंमत बघा, त्यातही तोच ऑक्साइडचा थर! 1959 मध्ये बेल प्रयोगशाळेत अटाला आणि कांग यांनी मॉसफेट बनवला, तेव्हा लिलियनफेल्ड 77 वर्षांचे होते. 28 ऑगस्ट 1963 रोजी त्यांचं निधन झालं. अमेरिकन फिजिकल सोसायटीने 1988 मध्ये त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केलं.

मुलांना काय सांगाल?

गेटला प्रवाह लागत नाही, असं आपण शिकवतो. हे अर्धंच खरं आहे. गेट हा स्वतःच एक छोटा कपॅसिटर आहे. प्रत्येक वेळी चालू करताना तो भरावा लागतो, बंद करताना रिकामा करावा लागतो. आयआरएफ 540 ला साधारण 70 नॅनोकुलोंब प्रभार लागतो. तो 100 नॅनोसेकंदांत द्यायचा तर 0.7 ॲम्पिअर हवेत. आर्डुइनोची पिन सुरक्षितपणे देते जेमतेम 0.02.

शिवाय 2 ते 4 व्होल्टला हा मॉसफेट नुसता उघडू लागतो, पूर्ण उघडायला 10 व्होल्ट लागतात. एसी लोकलचं दार दादरला अर्धंच उघडलं तर कशी रेटारेटी होईल? अर्धवट उघड्या मॉसफेटमध्ये तसंच होतं आणि उष्णता वाढते.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

1. साध्या मॉसफेटच्या गेटला 10 ते 12 व्होल्ट द्या, किंवा 5 व्होल्टवर पूर्ण उघडणारा लॉजिक लेव्हल मॉसफेट घ्या.
2. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचं असेल तर गेट ड्रायव्हर आयसी वापरा.
3. गेट आणि सोर्समध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडा, म्हणजे गेट अधांतरी राहणार नाही.
4. गेटला 20 व्होल्टच्या वर कधीच नेऊ नका, आतला थर फुटतो.

आम्ही लॉजिक लेव्हल मॉसफेट लावला. यंदा मोटर प्रदर्शनभर फिरली. तुमच्याही मुलाचा मॉसफेट तापला, तर रागावण्याआधी गेटवरचे व्होल्ट त्यालाच मोजायला सांगा.