डॉ. कमला सोहोनी : माळव्यात जन्मलेली शास्त्रज्ञ



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात साखर तपासण्याचे यंत्र असते. बोटावरचा रक्ताचा थेंब पट्टीला लावला की काही सेकंदांत आकडा दिसतो. त्या पट्टीवर बारीक इलेक्ट्रोड असतात व त्यावर रसायनांचा लेप असतो. अशा लेप दिलेल्या इलेक्ट्रोडच्या इतिहासात सायटोक्रोम सी या प्रथिनाला मोठे स्थान आहे. या प्रथिनाच्या अभ्यासात आपल्या माळव्यात जन्मलेल्या एका मराठी मुलीचे नाव आहे, म्हणून या अंकात त्यांचा परिचय देत आहोत.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. म्हणजे मांडूपासून शंभरेक किलोमीटरवरचा. वडील नारायणराव व काका माधवराव दोघेही रसायनशास्त्राचे, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मोठ्या बहीण म्हणजे दुर्गा भागवत. त्यांची ओळख मराठी घरात करून द्यायला नको. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या आणि त्यांनी वडिलांच्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या व रामन यांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल. प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. त्यांनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत व उतारवयात त्यांनी तसे जाहीरपणे सांगितले. वर्षभराचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. आम्ही दर २८ फेब्रुवारीला रामन यांच्या शोधानिमित्त विज्ञान दिन साजरा करतो. त्या दिवशी ही हकीकतही मुलांना सांगितली पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण आजही दहावीनंतर मुलीला विज्ञान शाखा द्यायची म्हटले की काही पालक इंदूर लांब पडते असे सांगतात.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला नोबेल विजेते हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनावर काम करताना, बटाट्यावरील प्रयोगांतून त्यांना आढळले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते. या प्रथिनात लोह असते. ते एका बाजूने इलेक्ट्रॉन घेते व दुसऱ्या बाजूला पोचवते, आणि या देवाणघेवाणीतून पेशीला ऊर्जा मिळते. सहलीत आपण मांडूला जी प्रचंड बुंध्याची खुरासानी इमली पाहतो, तिच्या जिवंत पेशींतही हेच काम चालू असते. कमलाबाईंचा प्रबंध चौदा महिन्यांत पूर्ण झाला, पाने सुमारे ४०. (आमच्या काळी प्रबंध जाडीवरून मोजत!) १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

आता इलेक्ट्रोडकडे वळू. सायटोक्रोम सी पेशीत सहज इलेक्ट्रॉन देते, पण नुसत्या सोन्याच्या इलेक्ट्रोडशी त्याचे जमत नाही. प्रथिन धातूला चिकटते व बिघडते. १९७७ साली ऑक्सफर्डला एडोज आणि ॲलन हिल यांनी सोन्यावर बायपिरिडिल नावाच्या लहान रेणूचा थर बसवला. मग प्रथिन त्या थराशी हलके टेकू लागले, इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन परत फिरू लागले. पृष्ठभाग बदलला की इलेक्ट्रोडचे वागणे बदलते, हे यातून ठळकपणे दिसले. १९८४ साली हिल यांच्या गटाने क्रॅनफिल्डच्या संशोधकांसह साखरेसाठी इलेक्ट्रोड तयार केला. त्यात एक विकर साखरेकडून इलेक्ट्रॉन घेते. फेरोसीन नावाचे रसायन दुभाष्यासारखे मध्ये राहून ते इलेक्ट्रोडला पोचवते. साखर जास्त तर विद्युतप्रवाह जास्त. १९८७ साली यावर आधारलेले पेनाच्या आकाराचे यंत्र बाजारात आले. या कामात कमलाबाईंचा हात होता असे म्हणणे खोटे होईल. त्यांनी शोधले ते श्वसनासाठी, यंत्रासाठी नव्हे.

१९३९ साली त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ साली विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला व कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रियांना तिचा लाभ होतो हे दाखवले. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आपल्या धार-झाबुआ भागातल्या लोकांना ताडाच्या झाडांकडे पाहताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना बरीच वाट पाहिल्यावर मिळाले. १९६६ साली मुंबईत ग्राहकांसाठी संस्था काढणाऱ्या महिलांमध्येही त्या होत्या.

१९९८ साली दिल्लीत, त्यांच्याच सत्काराच्या समारंभात त्या कोसळल्या व थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत रामन यांचे चित्र आहे. शेजारी कमलाबाईंचे चित्र लावावे असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत मांडत आहोत. पालकांनी आपले मत कार्यालयात लेखी कळवावे.