३०० नापास इंजिनं दुरुस्त करता करता या गड्याने स्पीडबोटीचं अख्खं गणित बदललं

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन तुम्ही नक्की पाहिलं असेल. दोरी ओढली की ते सुरू होतं, पाण्याखाली पंखा फिरतो आणि बोट सुटते. इंजिन बोटीच्या पोटात नसून बाहेर असतं, म्हणून त्याचं नाव आउटबोर्ड.

अमेरिकेत १९०९ पासून ही इंजिनं घराघरांत पोहोचवली ती ओले एव्हिनरूड या मिलवॉकीच्या कारागिराने. पण तेव्हाचं आउटबोर्ड म्हणजे वल्ही मारायचे कष्ट वाचवणारं यंत्र होतं. मासे धरायला तळ्याच्या मध्यावर जायचं आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम.

त्याच आउटबोर्डला वेगाचं वेड लावलं दुसऱ्याच एका माणसाने. मर्क्युरी ही कंपनी उभी करणाऱ्या त्या माणसाचं नाव कार्ल कीकहेफर. गंमत म्हणजे त्याला बोटीची इंजिनं बनवायचीच नव्हती.

कारखाना घेतला आणि सोबत नापास माल आला

कार्लचा जन्म १९०६ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. घरची शेती, पण पोराचं डोकं यंत्रात. पुढे तो मिलवॉकीत लोहचुंबकावर चालणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. खनिजातून किंवा धान्यातून लोखंडाचे तुकडे वेगळे काढायला ही यंत्रं वापरतात.

आता हेच काम स्वतःचं करायचं, असं त्याने ठरवलं. १९३९ साली वडिलांच्या मदतीने त्याने सीडरबर्ग गावातला एक डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला. हा कारखाना थॉर नावाची आउटबोर्ड इंजिनं बनवायचा. माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या मेल-ऑर्डर कंपनीने त्यातली जवळपास ३०० इंजिनं नापास ठरवून परत पाठवली होती. ती कारखान्यात तशीच पडून होती.

कार्लकडे रोकड नव्हती. मग त्याने काय करावं? त्याने ती इंजिनं खोलली, कुठे काय बिघडतंय ते शोधलं, सुटे भाग सुधारले आणि तोच माल त्याच गिऱ्हाइकाकडे परत पाठवला. या वेळी इंजिनं पास झाली. नुसती पास झाली नाहीत, तर अजून पाठवा म्हणून ऑर्डर आली.

चुंबकाचं काम मागे पडलं ते कायमचं. १९४० साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात कार्लने स्वतःच्या डिझाइनची इंजिनं मांडली आणि सुमारे १६,००० इंजिनांच्या ऑर्डर घेऊन तो परतला. नाव ठेवलं होतं मर्क्युरी, म्हणजे रोमन पुराणातला वेगवान निरोप्या देव.

मग दुसरं महायुद्ध आलं. हौशी लोकांसाठी बोटीची इंजिनं बनवणं थांबलं. कार्लने दोन माणसांनी चालवायच्या चेनसॉ बनवून अमेरिकी लष्कराला पुरवल्या. इंजिन हलकं हवं, दणकट हवं आणि चिखलात-पावसात पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं, याचा धडा त्याने इथे गिरवला. युद्धानंतर हा धडा कामी आला.

स्टिकरवर लिहिलं १० हॉर्सपॉवर, पण...

१९४७ मध्ये मर्क्युरीचं लाइटनिंग नावाचं इंजिन आलं. दोन सिलिंडर, कागदावर १० हॉर्सपॉवर. पण ज्यांनी ते बोटीला लावलं त्यांच्या लगेच लक्षात आलं, की हे १० च्या हिशेबात बसणारं प्रकरण नाही. दोन वर्षांनी चार सिलिंडरचं थंडरबोल्ट आलं, त्याच्यावर आकडा २५ चा. त्याच्याबद्दलही लोकांचा अनुभव तोच.

यात कार्लची हुशारी होती. गिऱ्हाईक दोन कंपन्यांची १० ची इंजिनं शेजारी लावून बघणार. मर्क्युरीची बोट पुढे निघाली की जाहिरातीची गरज उरत नाही. रविवारी शर्यत जिंकायची आणि सोमवारी इंजिन विकायचं, असं हे साधं गणित.

पण नुसती ताकद वाढवून बोट पळत नाही, हे कार्लला पक्कं माहीत होतं. शर्यतवाल्यांसाठी मर्क्युरीने क्विकसिल्व्हर नावाचा वेगळा खालचा भाग बाजारात आणला. पंखा ज्या भागाला बसतो, तो पाण्याखालचा भाग त्यांनी बारीक आणि आखूड केला. वरचं इंजिन जवळपास तेच ठेवून खालचा भाग बदलला, की बोटीची चाल बदलायची.

असं का होतं?

इंजिन तेच, मग बोट जास्त कशी पळते?

थांबलेली बोट पाण्यात रुतून बसलेली असते. थ्रॉटल दिला की आधी तिचं नाक वर जातं. मग ती स्वतःच्याच लाटेवर चढते आणि पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. बोटीचा तळ पाण्याला जितका कमी टेकेल तितका अडथळा कमी. वेगाच्या बोटीचं सगळं सेटिंग याच एका गोष्टीभोवती फिरतं.

त्यात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, वजन कुठे ठेवलंय. टाकी, बॅटरी, माणसं सगळी मागे असली तर नाक आभाळाकडे जातं आणि बोट उचलायला वेळ लागतो. सगळं पुढे असलं तर नाक पाण्यातून वर येत नाही.

दुसरी, इंजिन फळीवर किती उंच बसवलंय. इंजिनाचा पाण्याखालचा भाग बोटीला मागे ओढतो. म्हणून शर्यतवाले इंजिन थोडं थोडं वर घेत जातात. पण फार वर घेतलं तर पंखा हवा ओढतो. इंजिन नुसतं गरगरतं आणि बोट जागेवरच. शिवाय इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या भोकातून आत येतं ते पाण्याबाहेर आलं, तर इंजिन तापून बसतं.

तिसरी, इंजिनाचा कोन, म्हणजेच ट्रिम. निघताना इंजिनाचा खालचा भाग बोटीकडे ओढलेला हवा, म्हणजे नाक दाबलेलं राहतं आणि बोट लवकर उचलते. वेग आला की तो हळूहळू बाहेर काढायचा. जास्त काढला तर बोट बेडकासारख्या उड्या मारायला लागते.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, पंख्याचा पिच. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसं पंखा एका फेऱ्यात बोटीला किती इंच पुढे नेईल तो आकडा म्हणजे पिच. पाणी लाकडासारखं घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात अंतर थोडं कमी भरतं. पिच कमी म्हणजे बाइकचा पहिला गिअर. उठाव जोरदार, पण पुढे वेग संपतो. पिच जास्त म्हणजे टॉप गिअर. वेग मिळतो, पण उठायला बोट रडते. पिच एक इंच बदलला की इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० नी बदलतात. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचलं पाहिजे, तर पंखा बरोबर.

म्हणजे मोठं इंजिन घ्यायच्या आधी करायच्या बऱ्याच गोष्टी असतात. कार्लचं मोठेपण इथे आहे. तो हे अंदाजाने सोडत नव्हता. इंजिन लावा, पळवा, मोजा, खोला, सुधारा आणि परत पळवा, हे चक्र त्याच्याकडे थांबायचंच नाही.

फ्लोरिडातलं गुपित तळं

चाचणी करायची तर प्रतिस्पर्ध्यांना दिसता कामा नये. म्हणून १९५७ साली कार्लने फ्लोरिडात झाडीने वेढलेलं एक अख्खं तळं मिळवलं. नकाशावर त्याचं नाव लेक कॉनलिन. मर्क्युरीत मात्र त्याला म्हणायचे लेक एक्स. तिथे पहारा असायचा आणि बाहेरच्याला प्रवेश नव्हता.

त्याच वर्षी मर्क्युरीने मार्क ७५ आणलं. एका रांगेत सहा सिलिंडर आणि ६० हॉर्सपॉवर. लोक म्हणायला लागले, की एवढी ताकद पिळून काढलेलं इंजिन टिकणार कसं?

कार्लने उत्तर तळ्यावर दिलं. मार्क ७५ लावलेल्या दोन बोटी लेक एक्सवर गोल गोल फिरत ठेवल्या. दिवस-रात्र चालक बदलत राहिले. इंधनसुद्धा चालत्या बोटीतच भरलं. साधारण ३४ दिवसांत २५,००० मैल, म्हणजे ४०,००० किलोमीटर पूर्ण झाले. पृथ्वीला एक फेरी मारली तर एवढंच अंतर होतं. या मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन ॲटलास. तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून इंजिनं पुन्हा तेवढीच पळवली आणि आकडा ५०,००० मैलांवर नेला.

टिकाऊपणा सिद्ध झाला. आता वेग.

१९५८ मध्ये सिएटलच्या ह्यू एन्ट्रॉपने मार्क ७५ चं शर्यतीचं मॉडेल आपल्या बोटीला लावलं आणि ताशी १०७.८ मैल, म्हणजे सुमारे १७३ किलोमीटरचा आउटबोर्डचा विक्रम केला. त्याची बोटही वेगळी होती. चालक मागे नाही तर अगदी पुढे बसायचा, म्हणजे त्याच्या वजनाने नाक हवेत उडायचं नाही. वेगात असताना मागची बाजू जवळजवळ पंख्यावरच तरंगायची आणि पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरायचा. वजन, उंची आणि पंखा, तिन्ही गोष्टी टोकाला नेलेल्या.

पुढे काय झालं? दोन वर्षांनी याच एन्ट्रॉपने ताशी १२२ मैलांच्या पुढचा विक्रम केला, पण या वेळी त्याच्या बोटीला इंजिन होतं एव्हिनरूडचं. कार्लची माणसं त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची ही शेवटची वेळ नव्हती.

जिंकूनही शिव्या खाल्ल्या

मधल्या काळात कार्ल गाड्यांच्या शर्यतीतही उतरला होता. १९५५ साली त्याने नॅसकारमध्ये पांढऱ्या क्रायस्लर ३०० गाड्या आणल्या, ज्यांच्या अंगावर मर्क्युरी आउटबोर्डची जाहिरात होती. तेव्हाच्या शर्यतवाल्यांचा कारभार मळक्या कपड्यांचा आणि जुगाडाचा. कार्लची टीम मात्र गणवेशात यायची आणि गाड्या ट्रकमधून यायच्या.

१९५५ चं विजेतेपद त्याच्या टीमच्या टिम फ्लॉकने जिंकलं, १९५६ चं बक बेकरने. १९५६ मध्ये तर या टीमने सलग १६ शर्यती जिंकल्या. शेवटी प्रेक्षक कंटाळले आणि पांढरी गाडी दिसली की हुर्यो उडवायला लागले. जाहिरातीसाठी आलो आणि लोक आपल्यालाच शिव्या घालतायत, हे पाहून कार्लने १९५६ नंतर टीमच गुंडाळली.

घरातही सगळं ठीक नव्हतं. कार्लची शिस्त लष्करी, राग जमदग्नीचा. विजेता टिम फ्लॉकच १९५६ च्या सीझनमध्ये त्याला सोडून गेला.

कंपनीतही तेच. चार्ल्स स्ट्रँग हा कार्लचा हुशार इंजिनिअर. इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा भाग बाहेर, अशी रचना करायची कल्पना त्याने मांडली होती. कार्लने ती आधी उडवून लावली. जिम वाइन हा दुसरा इंजिनिअर मर्क्युरी सोडून गेला आणि १९५९ मध्ये व्हॉल्व्हो पेंटाने अशीच रचना बाजारात आणली. मर्क्युरीचं मर्क्रूझर आलं ते १९६१ मध्ये. ते तुफान चाललं, पण शोध कोणाचा यावर कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. स्ट्रँग पुढे कुठे गेला? एव्हिनरूड बनवणाऱ्या ओएमसी कंपनीत, आणि तिथे सर्वोच्च पदावर पोहोचला.

स्वतःच्याच कंपनीतून बाहेर

१९६१ साली मर्क्युरी ब्रन्सविक कंपनीत विलीन झाली. कार्ल प्रमुख राहिला, पण आता वर विचारणारं कोणीतरी होतं. ज्याने आयुष्यात कोणाला विचारून काम केलं नाही, त्याला हे कसं झेपणार? साठचं दशक संपता संपता तो बाहेर पडला.

साठी ओलांडली होती, पण गडी घरी बसला नाही. त्याने कीकहेफर एअरोमरीन ही नवी कंपनी काढली आणि समुद्रातल्या शर्यतींसाठी इंजिनं आणि सुटे भाग बनवायला लागला. त्यातलं के-प्लेन फार गाजलं. बोटीच्या मागे तळाला लावायच्या या हलत्या पट्ट्या. चालकाने त्या खालीवर केल्या की लाटांमध्येही नाक हवं तेवढंच उचलतं. म्हणजे म्हातारपणीही डोक्यात प्रश्न तोच होता, बोट पाण्याला नेमकी किती टेकवायची.

१९८३ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी कार्ल गेला. १९९० मध्ये मर्क्युरीने त्याची एअरोमरीन विकत घेतली आणि त्याचं काम त्याच्याच जुन्या घरी परत आलं. ज्या ओएमसीशी तो आयुष्यभर लढला, तिचं २००० साली दिवाळं निघालं. एव्हिनरूडची इंजिनं बनणं २०२० मध्ये बंद झालं. मर्क्युरी मात्र आजही जगभर विकली जाते.

अडथळा कुठे आहे ते शोधायचं आणि काढून टाकायचं, या एका सवयीवर कार्लने ३०० नापास इंजिनांपासून सुरुवात करून वेगाचं साम्राज्य उभारलं. नापास इंजिन त्याने कधी टाकून दिलं नाही, खोलून पाहिलं आणि पुन्हा संधी दिली. माणसांच्या बाबतीत मात्र त्याला एवढा धीर धरता आला नाही. त्याची किंमत त्याने मोजली ती फ्लॉक, वाइन आणि स्ट्रँग गमावून, आणि शेवटी स्वतःची कंपनी गमावून.