देवाधर्माची बाजू घेत घेतच रूढींची टर उडवणारे वकीलसाहेब

आज सणावर एखादा जोक टाकला की कमेंटमध्ये भावना दुखावायला पाच मिनिटं पुरतात. पण शंभरहून जास्त वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका वकिलाने शिमगा, श्रावणी, गणेशचतुर्थी यातलं काहीच सोडलं नव्हतं.

त्यांचं नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

जन्म १८७१ चा. शिकायला पुण्यात गेले तेव्हा सुधारक विरुद्ध सनातनी हा वाद पेटलेला होता. आगरकर रूढींवर थेट तुटून पडायचे आणि लोकांच्या शिव्या खायचे. कोल्हटकरांची मतं सुधारकांचीच. वाट मात्र त्यांनी वेगळी धरली.

१९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख आला. पुढे अशा लेखांतून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट घराघरात पोहोचलं.

गंमत आहे ती इथे. सुदामा रूढींवर टीका करतच नाही. उलट तो जुन्या चालीरीतींचा कट्टर भक्त! प्रत्येक कर्मकांडाच्या बाजूने तो इतक्या जोशात युक्तिवाद करतो की वाचणाऱ्यालाच त्यातला पोकळपणा दिसायला लागतो. आपल्याच अशिलाला आडवं पाडणारं हे वकीलपत्र म्हणायचं! आणि सुदामा आपल्याच बाजूचा, मग सनातनी वाचकाने चिडायचं तरी कुणावर?

१९१० मध्ये हे लेख पुस्तकरूपात आले. १९२३ च्या आवृत्तीत त्यांची संख्या बत्तीस झाली. पुस्तकाचं नाव 'सुदाम्याचे पोहे'.

कोल्हटकरांनी नाटकंही बरीच लिहिली. 'मूकनायक' दारूच्या विरोधात, तर 'मतिविकार' विधवाविवाहाच्या बाजूने. शाळेत ऐकलेलं 'महाराष्ट्रगीत'ही त्यांचंच (राज्यगीत नव्हे, ते वेगळं). शिवाय ज्योतिर्गणिताचा त्यांचा अभ्यास पक्का होता. म्हणजे ते पंचांगाकडेही गणित म्हणून बघू शकत होते.

आज मात्र सुदामा वाचायला जरा दमवतो. लांबच लांब वाक्यं, कोटीवर कोटी. दुसऱ्या पानावर मोबाईल हातात घ्यावासा वाटला तर दोष पूर्ण आपला नाही.

१९३४ मध्ये कोल्हटकर गेले. त्यांना गुरू मानणाऱ्यांत राम गणेश गडकरी होते आणि वि. स. खांडेकरही. गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले, ते गुरूच्याच वाटेवरचे.